कुटुंबीयांसाठी राखीव

पुरस्काराचा फोन आला तेव्हा माझा पंप सुरू होता. आमच्या प्रयोगशाळेतला पंप सुरू असला की समोरच्या माणसाचं बोलणंही धड ऐकू येत नाही, त्यामुळे पलीकडचे गृहस्थ काय सांगताहेत ते मला कळलंच नाही. ‘आपली निवड झाली आहे’ एवढंच कानावर पडलं. कुठल्या ना कुठल्या क्रेडिट कार्डासाठी माझी निवड रोजच होत असते. ‘नकोय मला’ म्हणून मी फोन ठेवून दिला. त्यांनी पुन्हा लावला. चार शब्द सुनावायच्या तयारीनं मी व्हरांड्यात आले आणि मग नीट ऐकलं. प्लाझ्मा विज्ञान आणि अभियांत्रिकीतल्या कामासाठी दरवर्षी देशभरातून एकाला पुरस्कार देणाऱ्या एका संस्थेचे ते सचिव होते आणि यंदाचं नाव माझं होतं.

‘‘आपण नको म्हणालात ते...’’ सचिव चाचरत म्हणाले.

‘‘ते क्रेडिट कार्डाला,’’ मी म्हणाले.

फोन संपला आणि मी तिथंच उभी राहिले. खाली सायकल स्टँडवर दोन मुली एका मोबाइलमध्ये डोकं घालून हसत होत्या. आत पंप घरघरत होता. एवढी मोठी गोष्ट झाली आणि ती सांगायला अख्ख्या मजल्यावर कोणी नव्हतं. म्हणजे माणसं होती. केमिस्ट्रीच्या स्टाफरूममध्ये चौघंजण बसलेले मला दिसत होते. पण त्यांनी पहिल्याच वाक्यात ‘पार्टी कधी?’ विचारलं असतं आणि मला ते ऐकायचं नव्हतं. मला ज्या एका व्यक्तीला हे सांगायचं होतं ती पुण्यात होती.

ती म्हणजे आमच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडम. मूळची पुसदची, नोकरीनं यवतमाळची झालेली, आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन नवऱ्यासह मुलाकडे गेलेली. मुलगा-सून दोघंही नोकरीवाले, घरात तान्हं बाळ, म्हणजे आजी-आजोबांना जावंच लागतं. मला हे सगळं समजतं. मी लग्न केलं नाही म्हणून जगाचे व्यवहार मला कळत नाहीत असं नाही.

तिनं फोन उचलला नाही. मी पुन्हा लावला, मग संदेश टाकला. उत्तर संध्याकाळी आलं, तेव्हा मी गावाबाहेर लोहाऱ्याला माझ्या फ्लॅटवर पोहोचून चहा करत होते. एक अंगठा, तीन पुष्पगुच्छ आणि खाली ‘खूप खूप छान! बाळाला ताप आहे गं, नंतर बोलते.’ मी चिडले. एवढ्याशा बाळाच्या तापावर चिडणारी बाई कशी दिसत असेल असं वाटून मी गॅसवरच्या चहाकडे पाठ फिरवली, तर तो उतू गेला.

आता हा पुरस्कार कशाचा ते सांगायला हवं, नाहीतर माझी चिडचिड कोणाला कळायची नाही.

हवा विरळ केली आणि तिच्यातून वीज सोडली की ती उजळते. त्या उजळलेल्या हवेला प्लाझ्मा म्हणतात. आमच्या डिपार्टमेंटच्या अडगळीत एक जुना स्टीलचा पिंप पडून होता. पिंप म्हणजे चेंबर, काचेची खिडकी असलेला. कोण्या जमान्यातल्या प्रकल्पातून उरलेला. मी तो घासूनपुसून उभा केला, पंप जोडला, आणि त्यात सोयाबीनचं बियाणं ठेवून त्यावर हा उजेड सोडायला लागले. माझा भाऊ आर्णीला शेती करतो. एका वर्षी त्याचं घरचं सोयाबीन उगवलंच नाही, दुबार पेरायची पाळी आली. त्या वर्षी तो जे काही बोलला ते मी सगळं ऐकून घेतलं आणि सोमवारी कॉलेजात जाऊन पिंपावरची धूळ झटकली. बियांवर थोडा वेळ प्लाझ्मा सोडला की सालपट पाणी लवकर पितं आणि बी लवकर फुगतं. जास्त वेळ सोडला तर मरतं. हा ‘थोडा वेळ’ म्हणजे नेमका किती, कोणत्या दाबाला, कोणत्या बियाण्याला, एवढंच माझं काम. पण त्यात माझं अर्धं आयुष्य गेलं.

बी उगवलं की नाही हे मला कोण सांगणार? म्हणून मी वनस्पतिशास्त्राकडे गेले. तेव्हा तिची माझी ओळख नमस्कारापुरती होती. ती म्हणाली, ‘‘थे काही कठीण नाई. ओल्या गोणपाटात बी गुंडाळायचं अन् रोज पाहायचं. आमच्या पुसदले घरोघरी करतात. आण तुह्या बिया.’’ मी बिया नेल्या. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच माझ्या प्रयोगशाळेत आली, हातात डबा घेऊन, आणि त्यानंतर येतच राहिली.

निर्वात यंत्र चालवणाऱ्यांचं आयुष्य गळती शोधण्यात जातं. पिंपाला दहा ठिकाणी सांधे असतात, त्यांतला एखादा हवा आत घेतो आणि दाब खाली उतरत नाही. कोणता सांधा ते डोळ्यांना दिसत नाही. मग एकेका सांध्यावर ॲसिटोनचे थेंब सोडायचे. गळक्या जागी थेंब पडला की दाबाच्या काट्याला झटका बसतो. आमच्या यंत्राची खोड अशी की काटा पुढच्या बाजूला आणि सांधे मागच्या बाजूला. म्हणजे थेंब सोडायला एक आणि काट्याकडे बघायला एक, अशी दोन माणसं लागतात. मी भिंत आणि पिंप यांच्यामध्ये वाकून थेंब सोडायचे आणि ती पुढे स्टुलावर बसून बघायची. तासन्‌तास. मध्येच ओरडायची, ‘‘हालला वो, हालला! आत्ता जिथी टाकलं तिथीच!’’ आणि मी मागून बाहेर येईपर्यंत तिनं डब्यातली भाकरी दोन झाकणांवर वाढलेली असायची.

आम्ही त्या खोलीत सगळं बोललो. तिच्या सासूचं आजारपण, मुलाचं इंजिनीअरिंग, माझ्या वडिलांचं जाणं. बोलणं संपलं की गप्प बसायचो आणि पंप चालू राहायचा. मी तशी कोणाशी पटवून घेणारी बाई नाही. पोरं मला ‘हाय व्होल्टेज’ म्हणतात हे मला ठाऊक आहे आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. पण तिच्याशी कधी आवाज चढला नाही.

ती नुसती सोबतीला नव्हती. एकदा तिनं ट्रेच्या कडेच्या बिया आणि मधल्या बिया वेगळ्या गुंडाळल्या आणि मला दाखवलं की कडेच्या आधी उगवताहेत. मी तोवर ट्रेमध्ये सगळीकडे उजेड सारखाच पडतो असं धरून चालले होते. तिच्या त्या दोन गुंडाळ्यांमुळे मला पिंपातल्या इलेक्ट्रोडची रचनाच बदलावी लागली, आणि पुढे जे काही छापून आलं, ज्यावर कोणा बाहेरच्या परीक्षकाची नजर पडली आणि त्यानं माझं नाव सुचवलं, त्याचं मूळ तिथं आहे. हे मी कोणाच्याही तोंडावर सांगेन. म्हणून मी सचिवांना लिहिलं की पुरस्कार दोघींच्या नावानं द्या.

त्यांचं उत्तर नम्र होतं. पुरस्कार एकाच व्यक्तीला देण्याचा नियम आहे. शिवाय विषय प्लाझ्मा विज्ञान आणि अभियांत्रिकी असा असल्यानं वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकाचा विचार करता येत नाही. व्याख्यानात आपण त्यांचा उल्लेख अवश्य करावा.

उल्लेख! कार्यक्रमाच्या शेवटी मंडपवाल्याचा आणि माइकवाल्याचा करतात तो उल्लेख. मी पुन्हा लिहिलं, जरा कडक. त्यांनीही पुन्हा लिहिलं, तितकंच नम्र. मी फोनवर भांडले. शेवटी सचिव म्हणाले, ‘‘मॅडम, आजवर लोक माझ्याशी भांडले ते सहकाऱ्याचं नाव गाळा म्हणून. तुमची केस नवीन आहे.’’ पण नियम काही हलला नाही.

तेव्हा मी मनाशी ठरवलं. त्या संस्थेची पद्धत अशी की पुरस्कार विजेत्याच्या कॉलेजातच येऊन देतात आणि विजेत्यानं तिथंच सगळ्यांसमोर व्याख्यान द्यायचं. म्हणजे मंच माझा, माइक माझ्या हातात. मी तिला वर बोलवीन, कडेच्या बियांची गोष्ट सगळ्यांना सांगेन, आणि मानचिन्ह आम्ही दोघी मिळून घेऊ. मग त्यांच्या कागदावर एक नाव असो की अर्धं. आणि खरं सांगायचं तर माझ्या मनात त्याच्याही पुढचं होतं. मला वाटत होतं की हे सगळं पाहिलं, टाळ्या ऐकल्या, की तिला पुन्हा ओढ लागेल. वर्षातून दोनदा तरी येईल. निदान पेरणीच्या आधी, बियाणं तपासायच्या दिवसांत. मला पुरस्कार हवा होता, नव्हता असं कशाला म्हणू? पण त्याहून मला ती परत हवी होती.

कारण गेली दोन वर्षं मी एकटीच होते. गळती शोधताना मोबाइलचा कॅमेरा काट्यासमोर लावून ठेवायचे, मागे जाऊन थेंब टाकायचे, मग पुढे येऊन चित्रण बघत बसायचे की काटा कधी हलला. जे काम पूर्वी एका ओरडण्यात व्हायचं त्याला अख्खी दुपार जायची. विद्यार्थ्यांना बसवून पाहिलं. त्यांची नजर काट्यावर कमी आणि दारावर जास्त. डबा मी अजून प्रयोगशाळेतच खाते, एका झाकणात मावेल एवढा आणते. सुट्टीच्या दिवशी फ्लॅटवर कोणाशीच बोलणं होत नाही, आणि सोमवारी पहिल्या तासाला माझा आवाज घोगरा निघतो.

पुरस्काराची बातमी कळल्यावर लोक चांगलंच वागले, तक्रार नाही. प्राचार्यांनी फ्लेक्स लावला, त्यावर माझा ओळखपत्रावरचा फोटो, ज्यात मी कोणाला तरी रागावताना दिसते. खालच्या मजल्यावरचे शेजारी लोहाऱ्याच्या एमआयडीसीत ग्रील-गेटचं काम करतात. ते जिन्यात थांबून म्हणाले, ‘‘मॅडम, प्लाझ्मा तं आपल्याकडं बी हाये! लोखंडाची जाड प्लेट लोण्यावानी कापते. पाहाले या एक दिवस.’’ मी खरंच गेले. त्यांच्या शेडमध्ये निळसर झोत लोखंडातून सरकताना पाहून मला फार बरं वाटलं. अख्ख्या यवतमाळात माझा शब्द ओळखीचा असलेला तो एक माणूस. आम्ही उभ्याउभ्या चहा घेतला. मग त्यांचं गिऱ्हाईक आलं आणि मी घरी आले.

कार्यक्रमाच्या आठवड्यात ऑफिसच्या अधीक्षकांनी मला गाठलं. आमच्याकडे सत्कारमूर्तीच्या घरच्यांसाठी पहिल्या रांगेत खुर्च्या ठेवतात, प्रत्येकीवर ‘कुटुंबीयांसाठी राखीव’ असा कागद चिकटवलेला असतो. ‘‘घरचे किती जण धरू, मॅडम?’’ त्यांनी विचारलं. ‘‘आठ-दहा?’’

मी त्यांना थांबायला सांगून भावाला फोन लावला.

‘‘ताई, येतो म्हन्लं असतं वो,’’ तो म्हणाला, ‘‘पण कापूस फुटून वावर पांढरं झालं पाह्य. अन् त्याच दिवशी मजूर भेटून राह्यले. बायका आल्या अन् मी नाई दिसलो, तं दुसऱ्याच्या वावरात जातात. तुही वहिनी बी वेचाले जाते. फोटो पाठवजो मले, गावात दाखवतो सगळ्यायले.’’

त्याचं काही चुकत नव्हतं. मी अधीक्षकांना म्हटलं, ‘‘एक.’’

‘‘एकच?’’

‘‘एकच धरा.’’

तिला मी तारीख कळवलीच होती. येते म्हणाली, मग बघते म्हणाली, मग पुन्हा येते म्हणाली. सुनेच्या ऑफिसमधून एक दिवसाची सुट्टी मिळेल की नाही यावर सगळं अडलं होतं. मी रोज विचारायचं नाही असं ठरवलं होतं आणि रोज विचारत होते. आदल्या संध्याकाळी तिचा फोन आला, मागे ट्रॅव्हल्सवाल्यांचा ओरडा ऐकू येत होता. ‘‘बसली बाप्पा गाडीत! आता झोपू दे मले.’’ मी फोन ठेवला आणि एकटीच घरात मोठ्यानं हसले.

सकाळी ती थेट कॉलेजात आली. केस जास्त पांढरे झालेले, चेहरा प्रवासानं उतरलेला, पण पोपटी रंगाची साडी प्राचार्यांच्या बाथरूममध्ये नेसून ताजीतवानी होऊन बसली, नेमकी त्या एका खुर्चीवर. कागद तिच्या पाठीमागे चिकटलेला. हॉल भरला होता, कारण हजेरी लावली जाईल अशी सूचना वर्गावर्गांत गेली होती. दीपप्रज्वलनाच्या वेळी वात विझू नये म्हणून पंखे बंद केले, मग ते पुन्हा सुरू करायला कोणी उठेना. शाल, श्रीफळ, स्वागतगीत, प्राचार्यांचं भाषण, पुरस्कार समितीच्या पाहुण्यांचं भाषण, आणि मग मी.

मी बरं बोलले. मागच्या रांगेतली पोरंही मोबाइल खाली ठेवून ऐकत होती. बिया कशा तरल्या, कशा मेल्या, ते सांगितलं. चेंबर पहिल्यांदा उजळला तेव्हाचा जांभळट गुलाबी रंग सांगितला. गळतीचं सांगताना मी ‘हालला वो, हालला’ तिच्याच आवाजात म्हटलं आणि सगळा हॉल हसला, तीही हसली, पदर तोंडाला लावून. मग मी कडेच्या बियांची गोष्ट सांगितली. म्हटलं, हे निरीक्षण माझं नाही, समोर बसलेल्या या मॅडमचं आहे, या पुरस्कारात त्यांचा निम्मा वाटा आहे आणि तो घ्यायला त्यांनी वर यावं.

ती उठेना. हातानंच नको नको म्हणत होती. तिच्याकडे कधीकाळी शिकलेल्या दोघी शिक्षिकांनी तिला धरून वर आणलं. मानचिन्ह आम्ही दोघींनी धरलं, फोटो निघाला, टाळ्या वाजल्या. पाहुण्यांनाही ते आवडलेलं दिसलं. मी तिच्या कानात म्हटलं, ‘‘जमलं की नाई?’’ ती म्हणाली, ‘‘कायले वो एवढं!’’ मला वाटलं, संकोच आहे.

जेवणं झाल्यावर मी तिला प्रयोगशाळेत नेलं. तिची गाडी संध्याकाळची होती, सुट्टी एकाच दिवसाची मिळाली होती. ती आपल्या स्टुलावर बसली आणि चप्पल काढून तिनं पाय चोळले. मी मात्र भरात होते. नवीन इलेक्ट्रोड दाखवला, तुरीच्या बियाण्यावर काय काय करायचं आहे ते सांगितलं. म्हटलं, तू पुण्यात राहूनही करू शकतेस, मी बिया कुरिअर करते, तू गुंडाळून ठेव, रोजचा फोटो पाठव. पुढचा पेपर दोघींच्या नावानं. आणि मे महिन्यात पंधरा दिवस ये, माझ्याकडे राहा.

ती ऐकत होती. मग म्हणाली, ‘‘रागावणार नाईस?’’

‘‘रागावले तरी तुझ्यावर नाही रागावणार.’’

‘‘मले ह्या पिंपातलं कधी काही समजलं नाई. अन् खरं सांगू, समजून घ्यावं असं बी वाटलं नाई. मले त्याची आवडच नोहती.’’

‘‘काहीतरीच. कडेच्या बिया तूच दाखवल्यास ना?’’

‘‘दिसल्या म्हणून दाखवल्या. बी पाहणं माझं रोजचंच काम. पण त्याच्यासाठी नाई येत होती मी इथी.’’

‘‘मग कशासाठी येत होतीस? इतकी वर्षं?’’ माझा आवाज चढला होता. तिच्यावर तो पहिल्यांदाच चढला.

ती शांतच होती. ‘‘तू एकटी बसायची वो इथं. तुह्या बिया घेऊन तू पहिल्यांदा आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी इकडून चालली होती. दारातून पाहिलं तं तू भिंतीकडं तोंड करून डबा खाऊन राह्यली. तुहे बाबा गेले त्याले महिना बी झाला नोहता. मले काही बरं वाटलं नाई. म्हन्लं, आपण बी इथंच खाऊ. मग रोज आली. काट्याकडं पाहा म्हन्लं, पाहिलं. थेंब टाक म्हन्ली असती तं थेंब टाकले असते.’’

मला आधी रागच आला, आणि तो मी लपवणार नाही. सहा महिने मी जिच्यासाठी भांडले, त्या नम्र सचिवांचा जीव खाल्ला, तिला यातलं काहीच नको होतं. मी तिला माझी सहकारी समजत होते. माझ्याइतकंच तिलाही त्या उजेडाचं वेड आहे आणि संसाराच्या गरजेपायी बिचारीला ते सोडून जावं लागलं, असं मी दोन वर्षं स्वतःला सांगत आले होते. ती वेडानं येत असती तर वेडानं परतही आली असती. त्या भरवशावरच मी तो एक दिवस उभा केला होता. आता पुण्यात कोणीतरी तिच्या सोबतीवाचून अडलेलं होतं, लहान होतं, आणि ती तिकडे जाऊन बसली होती. एवढी साधी गोष्ट होती.

‘‘आता मी काय करू?’’ मी विचारलं. मला तुरीच्या बियांबद्दल विचारायचं होतं बहुतेक, पण तसं ते निघालं नाही.

‘‘कोणाले तरी बोलावत जा इथं.’’

‘‘काटा बघायला?’’

‘‘नाई वो,’’ ती म्हणाली, ‘‘नुसतं बसाले.’’

नुसतं बसायला माणूस कसं बोलवायचं, हे मला कधीच येत नव्हतं. तिलाही मी बोलावलं नव्हतं. ती आपण होऊन आली होती आणि मी तिच्या हातात काम देऊन टाकलं होतं, म्हणून मला इतकी वर्षं ते कामच वाटत राहिलं. तिच्या निरोपसमारंभात सगळा स्टाफ डोळे पुसत होता आणि मी कोरडी उभी होते, कारण माझ्या हिशेबी ती गेलीच नव्हती. ती गेली आहे हे मला त्या दुपारी कळलं, आणि मी रडले. पोरं ज्या बाईला घाबरतात ती बाई टेबलाला धरून हमसून हमसून रडली.

ती समजूत घालायला उठली नाही की तिनं पाठीवरून हात फिरवला नाही. उगी उगी म्हणणाऱ्यांतली ती नाही. गाडीला अजून वेळ होता. तिनं स्टूल जरा माझ्याकडे सरकवलं आणि बसून राहिली.